नागरिक, मतदार की रहिवासी? शहराच्या कमिशनवर नेमकं कोण बसू शकतं

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात चार मराठी घरं जमली की गप्पांची गाडी हमखास शहराच्या कारभारावर येते. वाचनालय रविवारी लवकर का बंद होतं, पार्कात पिकलबॉलला कोर्ट मिळतात पण क्रिकेटच्या खेळपट्टीला जागा का नसते, शाळेसमोरच्या चौकात सायकलवर येणाऱ्या मुलांसाठी वेगळी पट्टी कधी आखणार. बोलणारी माणसं अभ्यासू असतात आणि पोटतिडकीनं बोलतात. त्यांना कुणी म्हटलं, "अहो, मग कमिशनसाठी अर्ज करा की," तर ठरलेलं उत्तर येतं: "आपण कुठं इथले सिटिझन!"

हे उत्तर पुष्कळदा चुकीचं असतं, आणि ते ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. ग्रीनकार्डच्या रांगेत भारतीयांची दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या काळात मुलं शाळेत जाऊन कॉलेजात पोचतात, घराचा कर भरला जातो, शेजार जोडला जातो. एवढं सगळं इथं करणाऱ्या माणसानं एका गैरसमजापायी शहराच्या कामापासून बाजूला राहावं, हे शहराचंही नुकसान आहे. म्हणून हा नियम नीट उलगडून सांगायचा आहे.

आधी कमिशन म्हणजे काय, ते थोडक्यात. शहराचा कारभार निवडून आलेली सिटी कौन्सिल चालवते. तिच्या हाताखाली पाच, सात किंवा नऊ स्वयंसेवकांचे गट असतात: वाचनालयाचं कमिशन, पार्कांचं कमिशन, सायकल आणि पादचाऱ्यांचं कमिशन. यांतली बरीचशी फक्त सल्ला देतात. प्लॅनिंग कमिशन मात्र वजनदार. कुठं किती मजली इमारत उठेल, कुणाला बांधकामाची सूट मिळेल, यावर त्याच्यासमोर सुनावणी होते आणि अनेक शहरांत काही निर्णय तेच देतं. सदस्यांना कौन्सिल किंवा महापौर नेमतात. महिन्यातून एक-दोन संध्याकाळी बैठक, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. पण बिनपगारी असलं तरी कायद्याच्या नजरेत ते पद आहे. त्याला शपथ आहे, मुदत आहे आणि पात्रताही आहे.

या पात्रतेत तीन शब्द फिरत असतात आणि सगळा घोळ या तिघांच्या सरमिसळीतून होतो. नागरिक म्हणजे ज्याच्याकडं त्या देशाचं नागरिकत्व आहे तो. मतदार म्हणजे नागरिक असून, वयाची अट पूर्ण करून, अमुक पत्त्यावर यादीत नाव नोंदवलेला. रहिवासी म्हणजे जो तिथं राहतो. बास. आपल्याकडंही मतदार ओळखपत्र वेगळं, पासपोर्ट वेगळा आणि तलाठ्याकडून आणायचा रहिवासी दाखला वेगळा. कमिशनच्या नियमात या तिघांपैकी कुठला शब्द लिहिलाय, त्यावर तुमचं सगळं अवलंबून आहे.

दार कधी उघडलं

कॅलिफोर्नियात पूर्वी कुठलंही शासकीय पद, मग ते निवडणुकीचं असो वा नेमणुकीचं, धारण करायला वय १८ आणि 'राज्याचा नागरिक' असणं ही अट होती. तरीही २०१५ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या हंटिंग्टन पार्क या छोट्या शहरानं कागदपत्रं नसलेल्या दोन स्थलांतरितांना आपल्या कमिशनांवर बिनपगारी नेमलं. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि कौन्सिलच्या बैठकांत आरडाओरडा झाला. शहर मात्र ठाम राहिलं.

२०१९ मध्ये राज्यानं कायदाच बदलला. सिनेटर मारिया एलेना दुराझो यांनी मांडलेलं विधेयक मंजूर झालं आणि त्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली. आता नेमणुकीच्या पदासाठी दोनच गोष्टी लागतात: वय १८ आणि राज्यात वास्तव्य. नागरिकत्व किंवा व्हिसाची स्थिती आड येत नाही. निवडून येण्याच्या पदांसाठी जुनी अट कायम आहे.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट वेगळी होती. तिथल्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या स्वतःच्या घटनेत, कमिशनच्या सदस्यानं मतदार असलं पाहिजे असं लिहिलं होतं. चार्टर बदलायचा तर लोकांनाच विचारावं लागतं. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत 'प्रपोझिशन सी' नावानं तो प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि मंजूर झाला. आता तिथली अट अशी: शहरात राहत असलं पाहिजे आणि मतदानाचं वय झालेलं असलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगहून आलेल्या केली वाँग यांची शहराच्या निवडणूक आयोगावर नेमणूक झाली. मतदान करता न येणारी व्यक्ती निवडणुकीच्या देखरेखीवर कशी, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. मला तो प्रश्न गैर वाटत नाही. पण उत्तरही तितकंच सरळ आहे. शहराच्या मतदारांनीच २०२० मध्ये तो दरवाजा उघडला होता.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि या लेखातली हीच सगळ्यात महत्त्वाची. कॅलिफोर्नियात ४८० च्या वर शहरं आहेत. त्यांतल्या सव्वाशेच्या आसपास शहरांना स्वतःचा चार्टर आहे. जुन्या चार्टरांत 'क्वालिफाइड इलेक्टर' किंवा 'रजिस्टर्ड व्होटर' असे शब्द अजूनही सापडतात. दोन्हींचा रोख मतदाराकडेच. अर्जाच्या फॉर्ममध्येही कधी कधी एक चौकोन असतो: "तुम्ही या शहरातले नोंदणीकृत मतदार आहात का?" रहिवासी आहोत, कर भरतो, म्हणजे 'हो'च की, असं समजून घाईघाईत तिथं टिचकी मारणारी माणसं असतात. ग्रीनकार्डवर किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसानं ही टिचकी कदापि मारू नये. अमेरिकेत मतदार म्हणजे जवळजवळ सगळीकडं नागरिकच, त्यामुळं 'मी मतदार आहे' असं लिहून देणं हा नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. ३० सप्टेंबर १९९६ पासून संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्यात या दाव्याला जवळजवळ क्षमा नाही. हद्दपारी होऊ शकते, पुढं ग्रीनकार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो, आणि 'माझ्या लक्षात आलं नाही' या सबबीवर सुटका होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. वाचनालयाच्या बिनपगारी कामासाठी कुणी एवढी किंमत मोजू नये.

तेव्हा चौकोनाशी आलात की थांबा. सिटी क्लर्कला, म्हणजे शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा: मी नागरिक नाही, या शहराची रहिवासी आहे, या कमिशनसाठी मी पात्र आहे का? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. एच-वन-बी वाल्यांनी आणखी एक बघायचं: कमिशन बैठकीमागं मानधन देतं का? एच-वन-बी वर असताना, ज्या कंपनीनं व्हिसा काढला तिच्याशिवाय दुसरीकडून कामाचा मोबदला घेता येत नाही. मानधन छोटं असलं तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. शपथही आधी वाचून ठेवा. अमेरिकेच्या आणि कॅलिफोर्नियाच्या घटनेशी निष्ठेची ती शपथ राज्याच्या घटनेतच शब्दशः दिलेली आहे आणि हात वर करून ती म्हणावी लागते.

राहणं म्हणजे काय?

नागरिकत्वाचा प्रश्न सुटला की खरा नियम समोर उभा राहतो: शहरात राहणं. ऐकायला सोपं वाटतं. पण राहणं म्हणजे नेमकं काय, यावर कोर्टांनी वर्षानुवर्षं डोकं घातलंय.

आपल्या मनात 'डोमिसाइल' म्हटलं की पंधरा वर्षं येतात, कारण महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा गोळा करत आपण सेतू केंद्रात उभे राहिलेलो असतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या व्याख्येत वर्षांचा आकडाच नाही. वास्तव्य म्हणजे ती जागा, जिथं माणूस कामासाठी किंवा तात्पुरत्या कारणासाठी बाहेर गेलेला नसतो तेव्हा असतो, आणि विसाव्याच्या काळात जिथं तो परततो. कायद्याच्या पुस्तकात इतकं हळुवार वाक्य क्वचितच सापडतं. त्यामागोमाग तीन नियम येतात. माणसाला वास्तव्य एकच असू शकतं. नवीन मिळेपर्यंत जुनं सुटत नाही. आणि ते बदलायचं तर कृती आणि इरादा दोन्ही एकत्र यावे लागतात. सामान हलवलं पण मन हललं नाही, तर वास्तव्य बदललं नाही. मन हललं पण सामान हललं नाही, तरीही नाही.

मराठी माणसाला 'तुमचं गाव कुठलं?' विचारलं की तो सांगली म्हणतो, जरी तो जन्मला पुण्यात आणि राहतो फ्रीमाँटमध्ये. या कायद्याला त्या सांगलीशी काही देणंघेणं नाही. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असला तरी फ्रीमाँटचं वास्तव्य डळमळत नाही. उलट, एखाद्या शहरात घर विकत घेऊन ते भाड्यानं दिलंय आणि स्वतः दुसरीकडं राहताय, तर त्या घरानं तुम्ही त्या शहराचे रहिवासी होत नाही. आपल्याकडच्या १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही हेच आहे: केवळ घराची मालकी किंवा ताबा आहे म्हणून कुणी तिथला 'सामान्य रहिवासी' ठरत नाही.

हे न समजल्याची जबर किंमत एका आमदाराला मोजावी लागली. राज्य सिनेटर रॉडरिक राइट यांच्या मालकीचं घर इंगलवूडमध्ये होतं आणि मतदारसंघाचा पत्ता म्हणून त्यांनी तेच दिलं. ज्युरीनं मानलं की ते खरे दुसरीकडं राहतात. २०१४ मध्ये ते दोषी ठरले, ९० दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली आणि त्यांनी पद सोडलं. २०१८ मध्ये गव्हर्नर ब्राउन यांनी त्यांना माफी दिली, पण तोवर राजकीय आयुष्य संपलं होतं.

इराद्याची दुसरी बाजू शिकागोत दिसली. रॅम इमॅन्युएल ओबामांच्या कार्यालयात काम करायला वॉशिंग्टनला गेले आणि शिकागोचं घर त्यांनी भाड्यानं दिलं. २०१० च्या शेवटी परत येऊन ते महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा निवडणुकीआधी एक वर्ष शहरात वास्तव्याची अट आड आली. भाडेकरू घर सोडायला तयार नव्हता, त्यामुळं स्वतःच्याच घरात त्यांना जाता येईना. सुनावणीत प्रश्न निघाला की तुम्ही परत येणार होतात याला पुरावा काय? त्यांनी सांगितलं की तळघरात आमचं सामान बंद करून ठेवलंय, त्यात बायकोचा लग्नातला पोशाख आहे. अपील कोर्टानं २४ जानेवारी २०११ रोजी त्यांना दोन विरुद्ध एक मतानं अपात्र ठरवलं. तीनच दिवसांत इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल एकमतानं फिरवला: एकदा वास्तव्य जमलं की ते टिकतं, आणि ते सोडायचा इरादा दिसत नाही. ती निवडणूक ते जिंकले. हे उदाहरण निवडून येणाऱ्या पदाचं आणि वेगळ्या राज्याचं असलं तरी भाड्याच्या घरांत, बदल्यांत आणि प्रोजेक्टवर आयुष्य काढणाऱ्या आपल्या लोकांना त्यातलं तत्त्व चटकन कळावं.

तिसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. २००६ मध्ये सुपरवायझर, म्हणजे तिथल्या कौन्सिलचे सदस्य, म्हणून निवडून आलेले एड ज्यू सनसेट भागातलं एक घर आपलं म्हणून सांगत. त्यांचं कुटुंब मात्र बर्लिंगेममध्ये राहत होतं. संशय आल्यावर तपासणाऱ्यांनी पाण्याची नोंद काढली. ज्या घरात माणूस राहतो म्हणे, तिथं नळ जवळजवळ उघडलेलाच नव्हता. लाचखोरीचं प्रकरण वेगळंच निघालं. त्यांनी जानेवारी २००८ मध्ये राजीनामा दिला आणि पुढं पत्त्याबाबत खोटी शपथ घेतल्याचं कबूल केलं. वीजबिल आणि भाडेकरार कुणालाही दाखवता येतो. पण माणूस राहतो तिथं रोज आंघोळ करतो, भांडी घासतो, कुकर लावतो. पाण्याचं मीटर त्याची साक्ष देतं.

हद्द कुठं संपते

प्रामाणिक माणसाची गाडी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडते. टपालाचा पत्ता आणि शहराची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर एका शहराचं नाव असतं, पण घर शेजारच्या शहराच्या हद्दीत असतं, किंवा कुठल्याच शहरात नसतं. सँटा क्लारा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, असे तुकडे आहेत जे आजवर कुठल्याही शहरात सामील झालेले नाहीत, त्यांचा कारभार थेट काउंटी बघते. शाळांची गोष्ट आणखी वेगळी. कुपरटिनोच्या शाळा जिल्ह्यात सॅन होजे आणि सनीव्हेलचेही भाग येतात. मूल कुपरटिनोच्या शाळेत जातं म्हणून आपण कुपरटिनोचे, असं समजून अर्ज भरणाऱ्याला निराश व्हावं लागतं. पुण्यात २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली तेव्हा कोण आत आणि कोण बाहेर यावर घराघरांत चर्चा झाली होती. इथं ती चर्चा होत नाही, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून हद्द बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

नोकराला सूट, स्वयंसेवकाला नाही

आता एक गोष्ट, जी मला बराच काळ कळली नव्हती. सॅन होजे शहराचा पगारी अभियंता ट्रेसीसारख्या दुसऱ्या शहरात राहू शकतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या घटनेतच कलम घातलं गेलं की शहराला आपल्या कर्मचाऱ्यांवर शहरात राहण्याची सक्ती करता येणार नाही. फार तर कामाच्या ठिकाणापासून वाजवी अंतराची अट घालता येईल. देशात सगळीकडं असं नाही. फिलाडेल्फियातला एक अग्निशामक शहराबाहेर, न्यू जर्सीत राहायला गेला म्हणून नोकरीवरून काढला गेला आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते योग्य ठरवलं. म्हणजे कॅलिफोर्नियात पगार घेणारा बाहेर राहिला तरी चालतं, आणि फुकट काम करणाऱ्याला आत राहावं लागतं.

विचार केला की उलगडतं. कर्मचारी हुकूम पाळतो, त्याच्याकडून कौशल्य हवं. कमिशनचा सदस्य सार्वजनिक हिताबद्दल मत देतो, त्याच्याकडून भोग हवा. सदस्यानं उंच इमारतीला हो म्हटलं तर तिची सावली त्याच्याही रस्त्यावर पडली पाहिजे. वाचनालयाचे तास त्यानं कमी केले तर त्याचंही मूल बंद दारावर जाऊन परत आलं पाहिजे. कुठलाही फॉर्म न मागता निर्णयाचे परिणाम भोगणाऱ्यालाच निर्णयात बसवण्याची ही युक्ती आहे, आणि मला ती पटते.

न्यूयॉर्कनं मात्र वेगळं उत्तर दिलं. तिथं ५९ कम्युनिटी बोर्डं आहेत, प्रत्येकावर जास्तीत जास्त ५० माणसं. बरोचे, म्हणजे शहराच्या पाच मोठ्या विभागांचे, अध्यक्ष त्यांना नेमतात आणि निम्मी नावं कौन्सिलच्या सदस्यांकडून येतात. सदस्य त्या जिल्ह्यात राहत असावा, किंवा त्याचा तिथं व्यवसाय असावा, किंवा तिथल्या भल्याबुऱ्यात त्याचा लक्षणीय संबंध असावा, असा नियम आहे. जॅक्सन हाइट्समध्ये वाण्याचं दुकान चालवणारा आणि रात्री दुसरीकडं झोपणारा माणूसही तिथल्या भागाबद्दल बोलू शकतो. दुकानदार दिवसातले बारा तास त्या फूटपाथवर काढतो. त्याचा तिथला भोग खोटा कसा म्हणायचा? या एका प्रश्नावर मला न्यूयॉर्कचं उत्तर अधिक उदार वाटतं.

कॅलिफोर्नियाच्या नियमाची खरी झळ भाडेकरूंना लागते. राज्याच्या कायद्यात स्पष्ट आहे: जिथं स्थानिक वास्तव्याची अट आहे, तिथं सदस्य शहराचा रहिवासी राहिला नाही की पद रिकामं होतं. भाडं वाढलं, मालकानं घर विकायला काढलं, आणि तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या शहरात गेलात, तर मुदतीतली दोन वर्षं बाकी असली तरी तुमची जागा गेली. स्वतःच्या घरात राहणारा घरमालक सहसा असा उखडला जात नाही. म्हणून प्लॅनिंग कमिशनांवर घरमालकच अधिक टिकतात आणि भाडेकरूंची बाजू मांडायला भाडेकरू कमी उरतात. यावर उपाय काय, हे शहरांनी ठरवायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोत एक खिडकी ठेवली आहे. चार्टरऐवजी साध्या कायद्यानं स्थापन झालेल्या काही मंडळांवर, हवा तो अनुभव असलेला आणि काम करायला तयार रहिवासी शहरात सापडला नाही, तर नेमणूक करणारे वास्तव्याची अट शिथिल करू शकतात. मुदतीच्या मधे घर सोडावं लागलेल्या भाडेकरूला अशी काही महिन्यांची सवलत मिळाली, तर ती मला रास्त वाटेल.

घाबरण्याचं कारण मात्र नाही. तुम्ही पद सोडायला हवं होतं आणि उशिरा कळलं, तरी मधल्या काळात दिलेली मतं आपोआप रद्द होत नाहीत. खुर्चीवर रीतसर दिसणाऱ्या माणसाची कृत्यं कोर्टं सहसा वैध धरतात, नाहीतर प्रत्येक बांधकाम परवाना लटकला असता. कुणाच्या पदालाच आव्हान द्यायचं तर त्यासाठी वेगळा दावा आहे, आणि तो करायला राज्याच्या ॲटर्नी जनरलची परवानगी लागते.

दोन महिने भारतात

भाचीच्या लग्नाला डिसेंबर-जानेवारी पुण्यात गेलात तर वास्तव्य जात नाही. तुम्ही तात्पुरत्या कारणासाठी गेलात आणि परत येणार आहात. आई आजारी आहे म्हणून तीन महिने राहिलात, तरी तेच. अडचण होते ती बैठकांची. लागोपाठ गैरहजर राहिलं तर अनेक शहरं सदस्यत्व काढून घेतात.

मग पुण्यातून व्हिडिओवर हजर राहावं म्हटलं, तर १९५३ चा ब्राउन ॲक्ट समोर येतो. सार्वजनिक बैठका लोकांसमोर व्हाव्यात म्हणून हा कायदा आहे. त्याच्या पारंपरिक नियमानुसार दुरून भाग घेणाऱ्या सदस्याची जागा विषयपत्रिकेत छापावी लागते, तिथं विषयपत्रिका लावावी लागते आणि कुणालाही आत येऊ द्यावं लागतं. म्हणजे कोथरूडच्या घराच्या दारावर फ्रीमाँटची विषयपत्रिका, आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवायचं की बैठकीला कुणी आलं तर वर पाठवा. शिवाय किमान कोरमएवढे, म्हणजे बैठक भरायला लागतात तेवढे, सदस्य शहराच्या हद्दीतूनच हजर असले पाहिजेत. अलीकडं आजारपणासारख्या कारणांसाठी यात काही सवलती आल्या आहेत. तिकीट काढण्याआधी क्लर्कशी बोललेलं बरं.

राहण्याच्या अटीला जोडूनच आणखी एक नियम येतो. शहरात राहा, पण निर्णयाच्या फार जवळ नको. ज्या जमिनीवर सुनावणी आहे तिच्यापासून ५०० फुटांच्या आत तुमच्या मालकीचं घर असेल, तर कायदा गृहीत धरतो की निर्णयात तुमचा आर्थिक हितसंबंध आहे, आणि बहुतेक वेळा तुम्हाला त्या विषयापुरतं उठून बाहेर जावं लागतं. महिन्या-महिन्याच्या करारावरच्या भाडेकरूला हा मालमत्तेचा हितसंबंध लागू होत नाही. प्लॅनिंग कमिशनसारख्या ठिकाणी 'फॉर्म ७००' भरून आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात, पहिल्यांदा पद घेतल्यापासून तीस दिवसांत. आपल्या लोकांना त्याची फार धास्ती वाटते. स्वतः राहतो ते घर त्यात सहसा लिहावं लागत नाही. पुण्यातला फ्लॅट मालमत्ता म्हणून लिहावा लागत नाही, कारण शहराच्या हद्दीतल्या आणि लगतच्या मालमत्तेचाच प्रश्न असतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांना आपल्याकडचं चित्र ताडून बघता येईल. महापालिकेला उभं राहायला त्या शहराच्या मतदार यादीत नाव लागतं, पण प्रभाग कुठलाही चालतो. प्रभाग समितीवर मात्र स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात आणि त्यांचं नाव त्याच समितीच्या हद्दीतल्या मतदार यादीत असावं लागतं. म्हणजे निवडून येणाऱ्यापेक्षा नेमल्या जाणाऱ्याला घराचं बंधन जास्त घट्ट. या तीन जागा बहुतेक नागरिकांना ठाऊकही नसतात. त्या भरल्या आहेत का, हे आपापल्या प्रभाग कार्यालयात विचारून बघा.

बे एरियातल्यांसाठी वेळापत्रकाचं एवढं लक्षात ठेवा. १९७५ च्या मॅडी ॲक्टनुसार प्रत्येक शहराला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत यादी लावावी लागते: पुढच्या वर्षी कुठल्या कमिशनवरची कुणाची मुदत संपते आणि त्या जागेसाठी पात्रता काय. कुणी मधेच गेलं तर वीस दिवसांत सूचना लावावी लागते, आणि ती लागल्यावर किमान दहा कामकाजाचे दिवस कुणाची पक्की नेमणूक करता येत नाही. ही यादी सिटी क्लर्कच्या खिडकीवर आणि वाचनालयात मिळते. पात्रतेचा रकाना आधी बघा. तिथं 'रेसिडेंट' लिहिलंय की 'इलेक्टर', तो एक शब्द वाचा आणि मगच पेन उचला.